गोफणीचा पीळ

पोरांनो, आगटीपासून जरा मागे सरा, धूर डोळ्यांत जाईल. निखारा अजून फुलायचाय. गोवरी नीट लाल झाली की मग कणसं आत सरकवायची, नाहीतर दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. तोवर ताईचं काय ते बघू. सकाळपासून पोरगी गप्प आहे. शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवली तरी हात लावला नाही.

मला तुझ्या आईनं सांगितलंय. मैदानावर कुणीतरी तुला म्हणालं, ‘बोलिंग रक्तात असावी लागते. तुमच्या घरात कोण आहे बोलर?’ आणि तू घरी येऊन मोजलंस. बाप बँकेत, आई शाळेत, आजोबा विज्ञानाचे मास्तर. झालं, रक्त संपलं.

रक्तात काय असतं आणि काय नसतं हे सांगायला मला ती गोफण लागेल. माळ्याच्या खांबाला टांगली आहे बघ, आण बरं.

ही आताची, नायलॉनच्या दोरीची. आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची गोफण अंबाडीच्या वाखाची असायची, ते स्वतः वळायचे. मध्ये ही गोफणगुंडा ठेवायची जागा. एका टोकाला फासा, तो बोटात अडकवायचा. दुसरं टोक मोकळं, ते चिमटीत धरायचं. आता मी डोक्याभोवती दोनदा गरगर फिरवतो आणि चिमटी सोडतो. मागे व्हा सगळे. गुंडा कुठे जाईल?

‘बाहेर’ म्हणतोस? वर्गातली सगळी पोरं हेच सांगायची. पण बघ, तो बाहेर फेकला जात नाही. सुटायच्या क्षणी त्याचं तोंड जिकडे असेल, तिकडे तो सरळ जातो. म्हणून सगळी हुशारी चिमटी कधी सोडायची यातच. डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडायला हवी, जरा उशीर झाला तर गुंडा शेजाऱ्याच्या बांधावर.

ही विद्या कशासाठी होती ते त्या तारेवर बघा. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं. भोरड्या. पूर्व युरोपातल्या आणि मध्य आशियातल्या गवताळ माळांवर त्या अंडी घालतात, तिथे टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतात आणि थंडीत आपल्याकडे उतरतात. हजारो कोसांवरून आलेली भूक ती. ज्वारी चिकात आली की थवाच्या थवा रानावर कोसळतो. आमच्या लहानपणी पहाट फुटायच्या आत माळ्यावर चढायचं आणि उन्हं चढेपर्यंत राखण करायची. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा अण्णांनी त्यांची गोफण माझ्या बोटात अडकवली.

आता इकडे या, माझ्या दोन्ही बाजूंना एकेक जण बसा. मी हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरतो, कोपरात काटकोनात वाकवतो आणि तळवा वर करून मागे झुकवतो. कोपर हलू द्यायचं नाही, धरून ठेवा. डावा हात बघा, इथे थांबला. आता उजवा. गेला ना अजून मागे? चार बोटं तरी जास्त. वय सत्तरीच्या पुढे, सांधे कुरकुरतात, पण उजवा खांदा अजून डाव्याच्या पुढे आहे. ही अण्णांनी दिलेली देणगी. कशी ते सांगतो, पण त्याआधी खांद्याची मोठी गोष्ट ऐका.

चिंपांझी आपल्यापेक्षा अंगानं कितीतरी दणकट. पण त्याच्या हातात दगड दिला तर तो फेकतो तासाला तीसेक किलोमीटर वेगानं, आणि नेमही धड नाही. तुमच्यासारखं बारा वर्षांचं तयार पोर त्याच्या दुपटी-तिपटीनं फेकतं. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, तिथला चेंडूफेक्या, त्याला पिचर म्हणतात, तो तासाला दीडशे किलोमीटरच्या आसपास टाकतो, काही जण तर एकशे साठलाही पोचतात. आपल्या बोलरसारखी त्याला धाव नसते. एका उंचवट्यावर उभं राहायचं, पाय उचलायचा आणि फेकायचं. साठ फूट सहा इंचांवर बॅटवाला उभा. चेंडू तिथे पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही.

एवढा वेग येतो कुठून? नुसत्या दंडाच्या बेडकुळीतून नाही येत. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी फेकणाऱ्या खेळाडूंच्या अंगावर खुणा लावून वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांची हालचाल टिपली. २०१३ साली त्यांनी सांगितलं की माणसाचा खांदा म्हणजे एक गलोल आहे. हात मागे नेताना सांध्याभोवतीचे स्नायुबंध आणि कंडरा रबरासारखे ताणले जातात, त्यात जोर साठतो. मग कंबर फिरते, छाती फिरते, हात मात्र क्षणभर मागेच राहतो, ताण आणखी वाढतो आणि एकदम सुटतो. त्या वेळी दंड आपल्याच आसाभोवती फिरतो तो सेकंदाला ९,००० अंशांहून जास्त वेगानं. पंचवीस गिरक्या एका सेकंदात, असा तो वेग! पुरी गिरकी होत नाही, तो सगळा खेळ सेकंदाच्या एका बारीक तुकड्यात उरकतो, पण माणसाच्या अंगातली याच्याहून वेगवान हालचाल कुठली माहीत नाही.

त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. कंबर छातीपासून मोकळी फिरावी, खांदे माकडासारखे कानाला न चिकटता खाली आणि बाजूला यावेत, आणि दंडाच्या हाडाचा पीळ बदलावा. या तिन्ही एका देहात पहिल्यांदा दिसतात त्या सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजात. त्याला वाघासारखी नखं नव्हती, सुळे नव्हते. लांबून दगड मारता येतो, ही त्याची ताकद.

तेव्हा ताई, फेकणं रक्तात असतंच. पण ते कुठल्या एका घराच्या रक्तात नाही, सगळ्या माणूसजातीच्या रक्तात आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या खांद्यात ती गलोल आहे.

कणसं घाला रे आता. देठ बाहेर ठेवा, नाहीतर ओढताना बोटं भाजतील.

हं, तर पीळ. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या दंडाचं हाड चांगलंच पिळलेलं असतं, म्हणजे खांद्यात बसणारा वरचा गोळा खालच्या कोपराच्या मानानं बराच मागे वळलेला असतो. मूल वाढतं तसा हा पीळ हळूहळू उलगडत जातो. तुमच्या-माझ्या डाव्या हातात तो उलगडला. पण ज्या पोराच्या हातात लहानपणीच चेंडू येतो आणि ते रोज फेकत राहतं, त्याच्या फेकण्याच्या हातात गंमत होते. खांद्याजवळ हाडाला एक मऊ चकती असते, तिथून हाड वाढतं. प्रत्येक फेकीला त्या चकतीला मागच्या बाजूचा हिसका बसतो आणि हाड तेवढं उलगडत नाही, पीळ शिल्लक राहतो. म्हणून त्या हाताला मागे जायला जास्त जागा मिळते, आणि जितका मागे तितकी गलोल लांब ताणली जाते. बेसबॉलच्या पिचरांचे दोन्ही हात तपासले तर एकाच माणसाच्या दोन दंडांच्या पिळात दहा-पंधरा अंशांचा फरक सर्रास सापडतो. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात ना? मला ही म्हण या हाडासाठीच केल्यासारखी वाटते. माणूस म्हातारा झाला, चेंडू कधीच सुटला, तरी लहानपणी आपण फेकत होतो हे हाड विसरत नाही.

आणि तारुण्यात ती चकती हाडात मिसळून जाते. मग कितीही फेका, पीळ घडायचा तो घडून गेलेला असतो.

पण ऐका, याचा अर्थ पोरानं दिवसभर फेकत सुटायचं असा नाही. तीच मऊ चकती अति फेकीनं दुखावते. म्हणून अमेरिकेतल्या पोरांच्या ‘लिटल लीग’ स्पर्धांत अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ चेंडूंच्या वर टाकू देत नाहीत, सात-आठ वर्षांच्याला ५०. ताई, खांदा दुखला की थांबायचं, कुणी काहीही म्हणो. एवढं माझं ऐकच.

आता घराण्याचं बघू. रक्तातून येतं ते नाकारायचं कारण नाही. उंची येते, हाताची लांबी येते, बोटांची ठेवण येते. डावखुरेपण थोडंफार येतं. दहात एखादा माणूस डावखुरा असतो, पण आई-बाप दोघे डावखुरे असले तर चारांत साधारण एक मूल तसं निघतं. म्हणजे तरीही तीन उजवीच. आणि आई-बापाकडून येणारी देणगी दर खेपेला नव्यानं पिसून वाटली जाते, दोन सख्ख्या भावंडांचं सरासरी निम्मंच जुळतं. बांधाकडेची ती बुटकी ज्वारी बघा. तीही मालदांडीच, तेच बी, त्याच दिवशी पेरलेलं. पण तिथे खाली मुरूम आहे, ओल टिकत नाही. इथे काळी जमीन खोल आहे, पावसाळ्यातली ओल धरून ठेवते, म्हणून वर पाणी न देता कमरेच्या वर गेली. बियाला नावं ठेवून काय उपयोग?

बाप बँकेत म्हणून खट्टू होतेस ना, मग आपल्या सोलापुरात लहानपण गेलेले पॉली उम्रीगर बघ, त्यांचे वडील कापडाच्या धंद्यातले. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत उम्रीगरांनी १०७ धावांत ५ बळी घेतले, मग ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या. एकाच सामन्यात.

पण घराणी असतात हेही खरं, आणि ती का असतात तेच मला तुम्हाला सांगायचंय. पुण्याच्या लष्करी भागात पळवणकर नावाचं चांभार समाजातलं कुटुंब होतं. वडील पलटणीत नोकरीला. चार भाऊ क्रिकेटमध्ये नावारूपाला आले: बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर पोरं खेळायला शिकली. थोरल्या बाळूला पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर काम मिळालं, खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना सरावाला चेंडू टाकायचे. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपये. तिथे ग्रेग नावाचा मातबर फलंदाज होता. तो लवकर यायचा आणि बाळूकडून तासन् तास चेंडू टाकून घ्यायचा. बाळूला बॅट मात्र कुणी देत नव्हतं. पण त्या डाव्या हातानं रोज किती चेंडू टाकले असतील, विचार करा! आणि समोर साधासुधा नाही, त्या काळचा उत्तम फलंदाज. एवढी तालीम पैसे मोजूनही मिळाली नसती.

पुढे हिंदू संघात घेतलं, तरी त्या माणसाला खेळाच्या मधल्या सुट्टीत चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा, जेवायचं ताट वेगळं. चेंडू त्याचा चालत होता, हात चालत नव्हता. हे सांगताना मला आजही राग येतो, आणि तुम्हालाही यावा. १९०६ साली मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा बाळू आणि शिवराम दोघे भाऊ संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावरही दोघे गेले. त्या दौऱ्यात पस्तिशीच्या बाळूनं ११४ बळी घेतले. तरी कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते मिळालं धाकट्या विठ्ठलला, १९२३ साली.

आता यातली खुबी बघा. विठ्ठल गाजला तो फलंदाज म्हणून. आई-बाप तेच, घर तेच, पण हात निराळा निघाला. मग घराण्यातून काय आलं? माझं म्हणणं असं की चेंडू परत टाकणारं माणूस आलं. बोलरला रोज समोर कुणीतरी लागतं. भिंत चेंडू परत देते, पण ‘आता जरा पुढे टाक’ असं भिंत म्हणत नाही. ज्याच्या घरात भाऊ आहे त्याला हे माणूस फुकट मिळतं, अंगणातच मिळतं, आणि हाड ओलं असतानाच मिळतं.

मुंबईचे गुप्ते बंधू घ्या. सुभाष आणि बाळू, दोघेही मनगट फिरवून टाकणारे लेगस्पिनर, दोघेही भारताकडून खेळले. सुभाष गुप्त्यांनी १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात ९ गडी बाद केले. तिकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मार्टिनेझ बंधू, रामोन आणि पेद्रो. घरात चेंडू नसायचा तेव्हा पेद्रो बहिणींच्या बाहुल्यांची डोकी उपटून ती फेकायचा. थोरला अमेरिकेत पिचर झाला आणि धाकटा त्याच्या मागोमाग जाऊन त्याच्याहून मोठा झाला.

ताई, कणीस ओढ. हातावर चोळ, फुंकर मार. हां, असा निघाला पाहिजे. चटणी घे, आणि ऐक, आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लान्सिंग नावाचं खाणकामगारांचं गाव. तिथे नीक्रो आडनावाचा एक कोळशाच्या खाणीतला मजूर. तरुणपणी तो हौशी संघातून वेगवान चेंडू टाकायचा, पण हात दुखावला. तेव्हा एका सोबत्यानं त्याला वेगळाच चेंडू शिकवला. बोटांची नखं चेंडूत रुतवायची आणि मनगट ताठ ठेवून तो नुसता ढकलायचा. त्याचं नाव नकलबॉल. आपण चेंडू फिरवायला जिवाचं रान करतो, आणि या चेंडूची सगळी करामत तो न फिरण्यात. चेंडू गरगर फिरत असला की हवा त्याला ठरलेल्या एका बाजूला वळवते. पण जवळजवळ फिरतच नसला तर शिवण ज्या बाजूला असेल तिथे हवेचा थर वेगळा सुटतो आणि चेंडूला तिकडून हलकासा धक्का बसतो. पोचेपर्यंत चेंडू एखादी गिरकी घेतो, तेवढ्यात शिवणीची जागा बदलते, धक्क्याची दिशा बदलते. पिंपळाचं पान झाडावरून गळताना कसं डुलत येतं, तसा तो येतो. टाकणाऱ्यालाही तो कुठे जाणार ते नक्की ठाऊक नसतं.

बाप खाणीतून घरी यायचा आणि परसात पोरांबरोबर हा चेंडू टाकायचा. थोरला फिल तोच शिकला आणि त्याच्याच जोरावर मोठ्या संघात गेला. धाकट्याचं नाव जो. तोही घरात तो चेंडू शिकला होता, पण आधी त्यानं इतर चेंडूंवर भिस्त ठेवली. पुढे १९७३-७४ मध्ये दोघे अटलांटाच्या एकाच संघात आले. थोरल्या भावाच्या सोबतीनं जो बापाच्या चेंडूकडे परत वळला. १९७९ साली दोघांनी २१-२१ सामने जिंकून दिले, त्यांच्या लीगमध्ये दोघेच मिळून पहिले! बेसबॉलमध्ये जिंकलेला सामना पिचरच्या नावावर मांडतात. फिलच्या नावावर ३१८, जोच्या २२१, मिळून ५३९. दोन भावांनी मिळून एवढे सामने दुसऱ्या कुणीच जिंकलेले नाहीत. आणि जोनं बावीस वर्षांत एकदाच चेंडू मैदानापार मारला, तो कुणाचा? फिलचा. १९७६ साली.

या चेंडूला खांद्याचा फार जोर लागत नाही, म्हणून फिल अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. १९८५ च्या ऑक्टोबरात तो तीनशेव्या विजयासाठी उतरला तेव्हा वय ४६. जो त्याच संघात होता. बाप आजारी, रुग्णालयात. त्या दिवशी फिलनं ठरवून बापाचा चेंडू टाकलाच नाही, दुसरेच चेंडू टाकत राहिला. शेवटचा फलंदाज समोर आला तेव्हा त्यानं नखं रुतवली. नकलबॉल टाकला आणि त्याला बाद केलं. सामना ८–०.

हे आठवलं की मला परसातला तो बाप दिसतो. अंगावर कोळशाची धूळ, दिवसभर जमिनीखाली राबलेला, आणि तरी पोरापुढे हात पसरून उभा.

जोचा मुलगाही मोठ्या संघात खेळला, पण बॅटवाला म्हणून. पुढे मोठेपणी त्यानं घराण्याचा चेंडू टाकून पाहिला, खालच्या पातळीवर काही काळ टाकलाही. पिचर म्हणून मोठ्या मैदानावर तो कधी उतरला नाही. रक्त तर त्याच्यात काकणभर जास्तच होतं.

तर बाई, आपल्या घरात बोलर कोण, याचं उत्तर असं. तू बारा वर्षांची आहेस, खांद्यातली चकती अजून मऊ आहे. आणि हा धाकटा आठ वर्षांचा, दिवसभर रिकामा असतो.

ऊठ रे. ती काठी घे आणि विहिरीकडच्या पाऊलवाटेवर रोव, तिथे जमीन टणक आहे. तिकडून बावीस पावलं मोज. मी काठीमागे बसतो. नाही नाही, मला बसता येतं, गोणपाट दे फक्त. तू धाकट्या, माझ्याही मागे जा, आणि माझ्या हातून सुटलेला तू परत टाकायचा, हातानं, ताईच्या छातीवर. लोळवत नाही.

टाक ताई.

जरा पुढे टाक.

आता जरा हळू, पण तिथेच.

हा गेला! माझ्या हातून गेला, धाकट्याच्याही गेला, ज्वारीत शिरला. बघा, भोरड्या उठल्या सगळ्या. पळ रे, पळ, कणसं मोडू नकोस, आणि तिथूनच टाक, बघू पोचतो का.

पोचला.

आणखी एक.